टॅनर्स रोचं मागचं दार

ही गोष्ट रचलेली नाही. मी स्वतः तिथे बसले होते. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे चार. जागा, उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावची टॅनर्स रो नावाची गल्ली.

आता तिथे पालिकेचे परवडणाऱ्या भाड्याचे फ्लॅट आहेत. सात वर्षं पालिकेच्या प्रतीक्षायादीत काढल्यावर माझ्या धाकट्या बहिणीला, लिंझीला, तळमजल्यावरचा मिळाला. सोडला तर पुन्हा यादीच्या तळाशी. दोन पोरं घेऊन जाणार कुठे?

आम्ही चहा घेत होतो. आणि...

टक. टक. टक.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून.

"शेजारी?" मी विचारलं.

"पलीकडे नुसतं गवत आहे," लिंझी म्हणाली. "रोज चारला होतं. पालिकेतली बाई तू, आणि एवढ्याला घाबरलीस?"

ती हसली. मी मात्र खुर्ची भिंतीपासून लांब ओढली.

कारण इथेच पूर्वी सतरा नंबरचं घर होतं. सहा वर्षांपूर्वी जुनी घरं पाडायला पालिकेने गल्ली सक्तीने ताब्यात घेतली, तेव्हा कुठल्या घरात कोण उरलंय ते बघायचं काम माझं. पुढच्या दारावर तीन वेळा जायचं, उत्तर नाही तर लिहायचं 'रिकामं'. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्यांवर लोखंडी पत्रे ठोकले गेले.

अकरा दिवसांनी त्या घरातल्या म्हाताऱ्या मिसेस एंटविसल सापडल्या... मागच्या खोलीत.

आमच्या गल्ल्यांत पुढचं दार कोणी वापरत नाही. ते उघडतं शवपेटी बाहेर न्यायला. ओळखीचं माणूस मागूनच येतं. मी असल्याच गल्लीत वाढले. पण त्या दिवशी पाऊस होता, मला कंटाळा आला होता, आणि मी मागे गेले नाही.

पत्रे ठोकण्याआधीच त्या गेल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले. मी तेवढंच धरून बसले आहे. लिंझीला यातलं काहीच माहीत नाही.

"लिंझी, सोड हे घर."

"वेड लागलंय का तुला? म्हातारीशी जमतं माझं."

"कोण म्हातारी?"

"भिंतीतली. बोलते ना ती."

"...काय बोलते?"

"रोज एकच. 'पुढच्या दारी कोण आली होती गं? मी उठून पोचेपर्यंत गेली.'"

लिंझीने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमच्या ऑफिसातलीच असेल कुणीतरी. विचारून सांग ना. बिचारी शांत तरी होईल."

मी हो म्हटलं.

त्याला वर्ष झालं. दर रविवारी लिंझी फोनवर विचारते, नाव कळलं का.

मी सांगते, फाइल सापडत नाही.