चौथीचं पाकीट

नान्तोउच्या डोंगरात पेइ-युनचं काम सोपं होतं. चहाच्या मळ्यांवरचा उतार सरकतोय का, एवढंच बघायचं. उतारावर सरक मोजणाऱ्या तीन पेट्या खांबांना ठोकलेल्या. दोघी एक बोलल्या की तिसरीचं ऐकायचं नाही. एखादी बिघडली तरी गावाला खरं कळावं, म्हणून तर तीन.

त्या सकाळी तिसरी म्हणत होती, सरकतंय. पहिली आणि दुसरी म्हणत होत्या, छे, काही नाही.

"तिसरीचं पाकीट शिळं झालं असणार," हाय काका म्हणाले. हाय नावाचे हे काका तिचे कामातले जोडीदार, निवृत्तीला टेकलेले.

तिकडे यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर खाऊचं पाकीट ठेवतात. हिरवंच लागतं, आणि तारीख उलटलेली चालत नाही. पेइ-युन यावर हसायची. पण पाकीट न ठेवायची छाती तिचीही नव्हती.

काकांनी दुकानातून चार पाकिटं आणली.

"काका, पेट्या तीन आहेत."

"हात सवयीनं गेला बघ. चौथी होती ना पूर्वी. वादळात कड्यासकट गेली." तीन पाकिटं ठेवून झाली, तसे ते तुटक्या खांबापाशी थांबले. खाली नुसती दरड. चौथं पाकीट त्यांनी खांबाच्या बुडाशी टेकवलं. "हिला एकटीला कशाला उपाशी ठेवायचं?"

ऑफिसात परत आल्या आल्या पेइ-युननं संगणकाचा पडदा बघितला, आणि पाठीची पिशवी काढायची राहूनच गेली.

पेटीमागे एक रेघ. आज चार रेघा होत्या. चौथी म्हणत होती, सरकतंय.

तिनं चौथीची वायर तपासली, ती भिंतीपाशीच कापलेली. मग वाटलं, तिसरीचाच आवाज दोनदा येत असेल. तिसरी बंद करून बघितली. चौथी बोलतच राहिली.

"ही कुठून बोलतेय, काका?"

काकांनी चष्मा पुसला. "खालूनच की. ती खालीच आहे."

आता दोन विरुद्ध दोन. अशा वेळी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. नियम तिघी उरल्यावरचा. आणि खाली, उताराच्या पायथ्याशी, गावप्रमुख त्सायच्या मुलाच्या लग्नाच्या पंगती बसत होत्या. लाल टेबलक्लॉथ खिडकीतून दिसत होते.

तिनं फोन लावला.

"पेइ-युन, आज नको," त्साय म्हणाले. "मागे दोनदा भोंगा वाजवून अख्खं गाव शाळेत नेऊन बसवलंस. डोंगर शिंकलासुद्धा नाही. आत्ता मासा वाढतोय."

"मासा घेऊन चला, त्सायकाका."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर भोंगा उपटून टाका. मलाही हाकला."

"तुझ्या यंत्रांची खात्री आहे?"

तिनं चौथ्या रेघेकडे बघितलं. "दोघींची आहे."

तिनं भोंगा वाजवला. माणसं शिव्या देत, कढया उचलत शाळेकडे चढली. नवरीनं बूट हातात घेतले होते. कुणीतरी अख्खी कोंबडी काखोटीला मारलेली.

शेवटची म्हातारी फाटकात शिरली.

मग उतार खाली आला.

आवाज फार नव्हता. लाल टेबलक्लॉथ दिसेनासे झाले, एवढंच.

माणूस एकही गेला नाही. त्साय शाळेच्या पायरीवर बसले होते, हातात माशाचं ताट तसंच. पेइ-युन दिसली तशी त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. तिन्ही पेट्या दरडीखाली गाडल्या गेलेल्या. तीन रेघा गप्प. चौथी चालू होती.

तिनं चहा ओतला. तेवढ्यात दुसरी बोलायला लागली. मग पहिली. मग तिसरी.

चौघी एकमतानं म्हणत होत्या, सरकतंय.

पेइ-युन खुर्ची ओढून जवळ बसली. आकडे पुन्हा बघितले. दिशा तपासली.

वर. चौघी हळूहळू वर सरकत होत्या, आपापल्या जागेकडे.

दारात हाय काका चपला घालत होते.

"दुकानात चाललोय," ते म्हणाले. "चारच आणू ना?"