फेट्यांचा रंग पक्का झाला तेव्हा

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातलं कोणीच विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मोतीबाईच्या साडीला खळ जास्त झाली, साडी अंगणात एकटीच ताठ उभी राहिली आणि तिच्या दिरानं येऊन साडीजवळच पाणी मागितलं, हे सांगितलं तेव्हाही तुम्ही हसलाच होतात. मोतीबाई इथंच बसली आहे. तिनं आजवर नाही म्हटलेलं नाही.

तर ही गोष्ट उर्वशीची. आणि धम्मरत्नची. दोघंही इथंच आहेत. एक या खांबाला टेकून कापडाच्या घड्या घालते आहे. दुसरा त्या खांबाला टेकून वणीच्या गाडीची वाट पाहतो आहे, आणि मध्ये जणू पुराची नदी असावी असे दोघं बसले आहेत. मिरवणुकीतून उरलेले चार फेटे परत द्यायला आलो, असं तो म्हणतो. फेटे कोणी परत देतं का? पण ते असो. ती दोघं इथं नाहीतच असं समजून मी सांगतो. त्यांनीही तसंच समजावं. विमलताई, चहा टाका, गाडीला वेळ आहे.

आपल्या केळापूरचं हे रंगाई केंद्र कसं उभं राहिलं, ते तुम्हाला सांगायला नको. कापसाचे असे काही हाल झाले की वेचायला जावं तर मजुरीही निघेना. तेव्हा विमलताईनं बायका गोळा केल्या. कापूस मातीमोल जातो ना, मग आपण कापड तरी रंगवू, म्हणाली. हौद बांधले, दोऱ्या ताणल्या. रंगवायला सगळ्याच शिकल्या. पण रंगवल्यानंतरचं काम एकट्या उर्वशीच्या हातात आलं. रंग कपड्यात बसवायचा, कपडा मऊ करायचा, कुठं ताठ ठेवायचा. रंगवणं म्हणजे पोर जन्माला घालणं, म्हणायची ती, आणि हे म्हणजे त्याला माणसात आणणं.

तिचा हात काय सांगू! मऊ करायचं ते दुधासारखं पाणी तिनं एकदा एका चादरीला असं लावलं की ती चादर दोरीवर थांबेचना. घसरायची. शेवटी तिच्यावर दगड ठेवला, तर दगडाला झोप लागली. खोटं वाटतं? दगड अजून तिथंच आहे, उठला का पाहा.

अशात एक दिवस दुपारच्या उन्हात धम्मरत्न आला.

वणीत त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. कोळशाच्या ट्रकांवर टाकतात ना, त्या. दिवसभर काळ्या धुळीत बसणारा माणूस; पण बाहेर पडला की अंगात पांढराशुभ्र सदरा. ओल्या फेट्यांच्या रांगांमधून वाट काढत तो येत होता, वारा सुटला, आणि एक लांबलचक निळा फेटा फडफडत आला तो थेट त्याच्या छातीवर. चिकटलाच.

"थांबा! हात लावू नका!" उर्वशी धावली. "कच्चा हाय अजून रंग."

तिनं फेटा सोडवला. सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत निळा पट्टा. तिला हसू आलं, तिनं ओठ दाबले... आणि त्यानं ते दाबणं पाहिलं.

"मंग पक्का कवा होते?" त्यानं विचारलं.

"आमी पक्का केला म्हंजे."

"अन माया सदऱ्यावरचा?"

"तो नाई होत. तो धुऊन टाका."

"राहू द्या," तो म्हणाला. "वणीत लोक इचारतील तरी, कुठं गेलता म्हणून."

उर्वशीनं वर पाहिलं. सावळा चेहरा, भुवयांत राहून गेलेली कोळशाची बारीक रेघ, आणि डोळे मात्र असे की... जाऊ द्या, ती इथंच बसली आहे.

त्याचं काम असं होतं. धम्मचक्र प्रवर्तनाचं हे पन्नासावं वर्ष. वणीच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि डोक्याला निळे फेटे. गेल्या साली दुसरीकडून आणलेल्या फेट्यांनी घात केला होता. घाम आला, वरून चार थेंब पडले, आणि अख्खी मिरवणूक निळ्या कपाळानं घरी गेली. एका आजीची पांढरी साडी अशी निळी झाली की घरच्यांनी तिला आवाजावरून ओळखलं.

"यंदा तसं झालं तर मले वणीत तोंड दाखवाले जागा नाई," धम्मरत्न म्हणाला. "मीच म्हणलं, आपल्याच जिल्ह्यातल्या बायकाईकडून घेऊ."

विमलताई म्हणाली, "भाऊ, तसं झालं तर आमाले बी हौद इकून वावरातच जा लागते."

काम ठरलं. आणि उर्वशीचं मन तिथंच अडकलं. मला कसं कळलं ते विचारू नका. वेणी घालताना ती एकदा कंगव्याऐवजी रंगाचा ब्रश घेऊन बसली होती. फेटे बिघडले तर केंद्र जाणार. फेटे जमले तर काम संपणार, आणि मग वणीचा माणूस केळापूरला कशाला येईल? काम जमावं असंही वाटे, आणि लवकर संपू नये असंही.

तो मात्र येतच राहिला. कधी फेट्याची लांबी सांगायला, कधी सांगितलेली लांबी बरोबर होती हे सांगायला.

एकदा ती नमुन्याच्या फेट्याच्या एका टोकाला खळ लावत होती. तो बाजूला उकिडवा बसला.

"काहून एकाच टोकाले?"

"हे तुऱ्याचं टोक. तुरा ताठ पाहिजे. बाकीचा फेटा मऊ. कपाळाले टोचला तर माणूस मिरवणुकीत पाहीन का फेटा ओढीन?"

"मी ताडपत्रीले मेण लावतो," तो म्हणाला. "पाणी आत नाई गेलं पाहिजे, बस. कपाळाचा इचार कराले कोणी शिकवलंच नाई."

"ट्रकले कपाळ नसते."

"पण डायवरले असते. तो रोज मले म्हन्ते, तुयी ताडपत्री लय टोचते बावा."

दोघं हसले. शेजारच्या रंगाच्या हौदात दोघांचे चेहरे होते, निळे निळे. तिनं हात घातला आणि ते एकमेकांत मिसळले. तिनं पटकन हात काढून घेतला.

आणि मग घोटाळा झाला.

रंग पक्का करायचं जे पाणी असतं, ते दिसायला साधं. वास नाही, फेस नाही. कपडा त्यात निवांत पडून राहतो आणि रंग धाग्याला धरून बसतो. उर्वशी फेटे हौदात बुडवून भाकर खायला गेली आणि जाताना म्हणाली, "जरा लक्ष ठेवजा." लक्ष ठेवजा म्हणाली, हात लावजा नाही म्हणाली. पण प्रेमात पडलेल्या माणसाला नुसतं लक्ष ठेवणं जमत नाही. धम्मरत्ननं हौदात पाहिलं. फेस नाही! त्याच्या घरी फेस नसला तर आई धुण्याला धुणं मानतच नाही. पाणी मेलेलं दिसतं, त्याला वाटलं. बिचारीचं काम अडू नये, म्हणून कोपऱ्यातली धुण्याची पावडर त्यानं दोन ओंजळी भरून आत टाकली आणि काठीनं घुसळलं.

उर्वशी आली, तर हौदातलं पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलेलं. फेट्यांवर पांढरे चिकट गोळे.

"कोणं टाकलं हे?"

धम्मरत्नच्या हातात काठी. कोपरापर्यंत फेस. दुसरं कोण असणार?

"फेस नव्हता ना... म्हणलं, तुमाले मदत..."

"अवो, पावडर अन हे पाणी एकमेकाले पाह्यत बी नाई! दोघं भेटले का दोघंबी फुकट. आता ना मळ निघन, ना रंग बसन." तिनं एक चिकट फेटा उचलून त्याच्यापुढं धरला. "फेस नाई त्यात काम होऊन राह्यलं होतं. तुमच्यात निसता फेस हाय. रोज येता, लांबी सांगता, रुंदी सांगता... कामाचं कवा बोलता?"

एवढं बोलली आणि स्वतःच चपापली. त्यानं काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आता काय करा लागते, तेवढं सांगा."

"कोमट पाण्यात धुऊन-धुऊन हे सगळं काढा लागते. मंग पुन्हा पक्कं करा लागते. पण पक्कं करायचं पाणी संपलं. त्याची कॅन यवतमाळले भेटते."

तो निघाला, गावात कोणाची तरी फटफटी मागून घेतली आणि किक मारली. इकडं सगळ्या बायका फेटे धूत बसल्या, तिकडं तो यवतमाळला गेला आणि कॅन मांडीवर घेऊन आला. येताना करंजी गावाच्या वळणावर दोन थेंब सांडले. तिथं कडुलिंबाची सावली पडली होती. ती सावली तिथंच पक्की झाली. ऊन फिरलं, सावली हलेना. आता म्हशी दिवसभर तिथंच बसतात. जाऊन पाहा.

उर्वशीनं पुन्हा सगळं केलं. पाणी किती कोमट, हे ती मनगटानं पाही. काठी अशी फिरवी की एकाही फेट्याला वळ पडू नये. धम्मरत्न लांब उभा, दोन्ही हात मागं बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"इकडं या," ती म्हणाली.

"नाई. मी हात नाई लावत."

"हात द्या म्हणते मी."

पांढऱ्या कापडावर ओला फेटा घासून पाहायचा असतो. रंग लागला तर कच्चा. पण केंद्रात पांढरं कापड उरलं होतं कुठं? सगळं रंगवून झालेलं. पांढरी होती ती फक्त त्याच्या सदऱ्याची बाही. तिनं त्याचं मनगट धरलं, फेट्याचा ओला कोपरा बाहीवर ठेवला, आणि घासू लागली. एकदा... पुन्हा... अंगठ्यानं दाबून. धम्मरत्ननं श्वास रोखून धरला. तिनंही.

फेटा उचलला. बाही पांढरी.

"नाई लागला," ती म्हणाली. मनगट अजून तिच्या हातातच होतं.

"अजून एकदा पाहा," तो म्हणाला. "जरा वर... तिथं घाई केली तुमी."

"कुठं घाई केली?"

"दुसऱ्या बाहीवर तर पाह्यलंच नाई."

तिनं दुसरी बाहीही पाहिली. मोतीबाई सांगते की तिनं गळपट्टीही पाहिली, पण मोतीबाईच्या बोलण्यावर मी जात नाही.

मग मिरवणुकीचा दिवस. आपण सगळे ट्रॅक्स गाडी करून वणीला गेलो. रस्ताभर पांढरे कपडे, आणि वर निळे फेटे, मऊ, कपाळाला मायेनं धरून बसलेले, तुरे असे ताठ की त्यांच्या टोकावर चिमण्या उतरायला पाहत होत्या. उर्वशी बायकांच्या रांगेत चालत होती आणि तिची नजर आभाळाकडं. कारण आभाळ भरून येत होतं.

आणि पाऊस आला. परतीचा, टपोऱ्या थेंबांचा. लोकांनी गेल्या सालच्या आठवणीनं आधी कपाळाला हात लावला. उर्वशीनं डोळेच मिटले. बँड थांबला. मग एका म्हाताऱ्यानं फेटा काढला, पिळला, आणि पिळलेलं पाणी ओंजळीत धरून सगळ्यांना दाखवलं. नितळ! पिऊन दाखवलं असतं त्यानं, सुनेनं हात धरला म्हणून. "अरे, पाणी पाण्याच्या रंगाचं हाय!" तो ओरडला, आणि बँड पुन्हा वाजू लागला. वणीची कोळशाची धूळ धुऊन निघाली, झाडं धुऊन निघाली. पण त्या निळ्यातला कणभर रंग हलला नाही. पुढून धम्मरत्ननं मागं वळून पाहिलं, एवढ्या गर्दीतून नेमकं तिच्याकडं, आणि भिजलेली पांढरी बाही वर करून दाखवली.

आता पुढचं नीट ऐका. मिरवणूक संपली. चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले. पत्र्यावरून पाण्याच्या धारा. आणि धम्मरत्न, हा आपला धम्मरत्न, मान वर करून, तिच्या डोळ्यांत पाहून स्पष्ट म्हणाला, "उर्वशी, फेट्याचं काम संपलं. आता मले केळापूरले याले कारण नाई. तूच माया घरी येतं का, जनमभरासाठी?" आणि उर्वशी लाजली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि...

"खोटं!"

हातातली घडी टाकून उर्वशी उठली.

"साफ खोटं, उकंडाबाबा! तुमची साडी उभी राह्यली तवा मी बोलली का? सावली पक्की झाली तवा बोलली का? पण हे खोटं हाय! असं काई म्हणलाच नाई तो! त्या पत्र्याखाली त्यानं मले इचारलं, चहात साखर बरोबर हाय का म्हणून. दोनदा इचारलं! अन आज बी सकाळपासून तिथं खांबाले टेकून बसला हाय, चार फेटे मांडीवर घेऊन... मी हो म्हणाचं ठरवून गेलती वणीले, अन या माणसानं इचारलंच नाई!"