वाळूवरची शिरगणती

निघताना सगळं साधंच होतं. इंग्लंडातल्या बॉस्टनहून बोट विस्बेचला न्यायची, एवढंच काम. मधे फक्त वॉशची खाडी.

बोट कालव्यासाठी बांधलेली. लांबट, अरुंद, सपाट बुडाची. कालव्यात गुणी बाळ, लाटेवर दारुडा. पण केझायाचं घर तेवढंच होतं. कॉलेज अर्ध्यावर टाकून ती परत आली, तेव्हा जगात तिची म्हणावी अशी एक चिंचोळी खोली उरली होती, ती या बोटीत. "लॉरीवरून नेऊ," असं ती महिनाभर सांगत होती.

"लॉरीवरून?" तिचा बाप ओसवाल्ड म्हणाला होता. "मग मी मेलो की मला पण पार्सलने पाठव, चिमणे."

झालं. म्हाताऱ्यांच्या विनोदानंतर बोलणं संपतं. त्यांना ते जिंकणं वाटतं.

वाटाड्या म्हणून एनॉक पास्क आला होता. आयुष्य या खाडीत गेलेलं, त्यामुळे इतर कुणाला तोंड असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. ओहोटीबरोबर त्याने बोट बाहेर काढली आणि दुपारी वाळूच्या ठरलेल्या दांड्यावर बसवली. इथली रीतच तशी. पाणी निघून जातं, बोट सपाट बुडावर वाळूत बसते, आणि भरती येईपर्यंत माणसं चहा पितात. कुणी पाय मोकळे करायला खाली उतरतं. पाणी परत आलं, की वाटाड्या मोठ्याने शिरगणती करतो, शिडी वर घेतो आणि निघतो. नदीच्या मुखाशी भरती गाठायची असते. ती कुणासाठी थांबत नाही.

"नांगर बघून येतो," म्हणत ओसवाल्डने हातमोजे चढवले. डाव्या हाताची करंगळी त्याने तरुणपणी दोराच्या फासात गमावली होती. मोज्याचं ते बोट रिकामंच लोंबायचं. शिडी उतरताना त्याने तेच हलवून तिला टाटा केला. लहानपणी ती याला हसायची.

तो गेला आणि धुकं आलं. आलं म्हणजे काय, वाळूतूनच उगवलं. आधी नांगर दिसेना, मग दोर, मग शिडीच्या खालच्या पायऱ्या. सडक्या शेवाळाचा वास दाटला. लांब कुठेतरी सील माणसासारखे कण्हत होते.

एनॉकने पातेलं घेतलं. तीनदा ठोकायचं, थांबायचं, कान द्यायचा. पुन्हा तीनदा.

शिडी करकरली. ओसवाल्ड वर आला, तिच्या अंगावरून आत गेला आणि तिच्याकडे पाठ करून शेगडीपुढे बसला.

"तू, मी, तो," एनॉक म्हणाला. "माणसं पूर्ण." त्याने शिडी ओढून घेतली.

पाणी आलं होतं. बुडाखाली ते जिभेसारखं चाटत होतं. बोट हलकी झाली, आणि त्याच वेळी धुक्यातून हाक आली.

"चिमणे…"

केझाया गोठली. आवाज बापाचा होता. दमलेला.

"चिमणे… पातेलं वाजव गं… दिसत नाहीये…"

"एनॉककाका, ऐकलंत?"

"सील."

"सील मला चिमणे म्हणतात?"

"अर्धवट शिकलेल्यांना शंका फार," तो इंजिन चालू करत म्हणाला. "बाप आत बसलाय ना? मोजलाय मी."

ती आत धावली. शेगडीपुढची पाठ हलली नाही. कोट ओळखीचा, टोपी ओळखीची. बूट मात्र कोरडे.

"बाबा. तू मला काय म्हणतोस?"

त्याने शेगडीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाला, "काय म्हणणार? केझाया."

आवाजही त्याचाच होता. तेच तर वाईट होतं.

तिने बाहेर येऊन शिडीला हात घातला. एनॉकने तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड लोखंडी होती.

"सोडा! कुणीतरी आहे खाली! पाणी चढतंय!"

"शिडी एकदा वर आली की खाली जात नाही."

"का? कुणी ठरवलं?"

"ठरलेलं आहे."

हेच ते. शाळेत हेच, कॉलेजात हेच, आणि आता समुद्रातसुद्धा हेच. ठरलेलं आहे! तिने त्याला लाथ मारली, शिव्या घातल्या. मग पातेलं हिसकावून घेतलं आणि वेड्यासारखं बडवत सुटली. धुक्यात छपछप झाली. कुणीतरी गुडघाभर पाण्यातून धावत होतं. जवळ… अगदी जवळ… बोटीच्या पत्र्यावर थाप पडली. काहीतरी ओलं बाहेरून घसटत मागे गेलं. ती कठड्यावर वाकली. तिला काठीभर अंतरापर्यंत पाणी दिसलं, त्यापुढे नुसतं पांढरं.

"चिमणे…"

मग इंजिनाच्या घरघरीत तेही बुडालं. एनॉकने मागे पाहिलं नाही. आयुष्यभर न पाहण्याची सवय असावी, इतक्या सहज.

विस्बेचला धक्क्यावर लख्ख ऊन होतं. दोर बांधून ती बोटीच्या कडेने चालत गेली. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर वीतभर, पत्र्यावर चिखलाचा पंजा उठला होता. डावा. बोटं खाली ओढली गेलेली. चार.

"हे काय आहे?" ती ओरडली. "सांगा ना! एकदा तरी सरळ सांगा!"

एनॉक बादली घेऊन आला. "चिखल," म्हणाला, आणि पाणी ओतलं. पंजा ओघळून नाहीसा झाला. "तिघं निघालो, तिघं पोचलो. माझं काम झालं."

तो पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

बोटीच्या दारात ओसवाल्ड उभा होता. दोन्ही हातांत चहाचा मग. हातमोजे त्याने अजून काढले नव्हते.

"ये आत, केझाया," तो म्हणाला. "गार होतोय चहा."

तिची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. मोज्याचं शेवटचं बोट लोंबत नव्हतं. ते इतर चार बोटांच्या शेजारी मगाभोवती नीट वळलं होतं, आणि हळूहळू, जणू पहिल्यांदाच करून बघावं तसं, मगावर टकटक करत होतं.