एका दाताचा फरक

"थांबा, भाऊजी! झाकण लावू नका!"

चहाचे कप घेऊन अंगणात आलेल्या थोरल्या सुनेच्या तोंडून शब्द निसटले, आणि दुसऱ्याच क्षणी सासऱ्यांची मान गर्रकन वळली!

धाकट्या दिराने सकाळपासून खपून घरच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, बदलला होता. पण वरच्या चाकावरची खूण एक दात पुढे सरकलेली तिला लांबूनही दिसली होती.

"तू यात पडू नकोस!" सासरे कडाडले. "नऊ वर्षांपूर्वी याच इंजिनाची माती केलीस, तेवढं पुरे झालं!"

नऊ वर्षं! वडिलांच्या गॅरेजात पाना हातात धरूनच लहानाची मोठी झालेली ती, सासरी आली तेव्हा याच सासऱ्यांनी 'घरात मिस्त्री आला' म्हणून कौतुकाने मिरवलं होतं तिला... आणि मग तो दिवस उजाडला! कुणाला न सांगता दिराने बेल्ट बसवला, चावी फिरवली, आणि एका दाताच्या चुकीने व्हॉल्व्ह वाकून इंजिन जागीच बसलं. "मी बसवला," असं म्हणून तिने तो आळ पदरात घेतला. सासऱ्यांनी तिच्या वडिलांनाही बोल लावला, आणि त्या दिवसापासून हत्यारांची पेटी तिला परकी झाली. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही.

आजही ती मुकाट्याने मागे वळली. तोच दिराच्या हातातला पाना खणकन फरशीवर पडला.

"बाबा, तेव्हा बेल्ट मी बसवला होता! वहिनींनी हातसुद्धा लावला नव्हता... रोज सांगेन म्हणायचो, रोज जीभ अडखळायची!"

 सासरे सुनेकडे वळले.

"आणि तू... तू का गप्प बसलीस, पोरी?"

"'आता चुकलास तर घराचं दार बंद,' असं बजावलं होतंत तुम्ही तेव्हा भाऊजींना. एकोणीस वर्षांचं लेकरू कुठे गेलं असतं, मामंजी? मी काय, चार बोलणी खाऊन घरातच राहणार होते!"

सासऱ्यांनी वाकून पाना उचलला, आपल्या स्वच्छ शर्टाच्या बाहीनेच पुसला आणि तिच्यापुढे धरला. 

तिने ताण देणारी पुली सैल केली, खुणा जुळवल्या, बेल्ट पुन्हा चढवला. मग पाना लावून इंजिन हातानेच फिरवलं, सावकाश, पुरते दोन फेरे. खुणा जिथल्या तिथे आल्या! हात काहीच विसरले नव्हते. उरलेली जोडणी तिने आणि दिराने मिळून केली आणि तिने चावी फिरवली... इंजिन कसं अगदी एका सुरात चालू झालं!

दीर पुढचं दार उघडू लागला.

"तू मागे बस, गाढवा!" म्हणत सासरे तिच्या शेजारी बसले.

"कुठे जायचं, मामंजी?" तिने डोळे पुसले, तशी काळ्या ग्रीसची रेघ गालभर उमटली.

"तुझ्या माहेरी. तुझ्या वडिलांना समोरासमोर सांगायचंय मला, की त्यांची लेक या घरात एकदाच खोटं बोलली... आणि तेही माझ्या लेकासाठी!"