तळाशी लपणारी कोळंबी

काळवडे जलाशयाच्या काठावरील प्रयोगशाळेत डॉ. इरावती चोडणकर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. राज्याच्या तपासणी समितीने त्यांना पाठवले होते आणि जलाशयातल्या यकृतकृमीचा फैलाव थांबवल्याच्या डॉ. शंतनू उकिडवे यांच्या दाव्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"कोळंबीत यकृतकृमी आहेत, पण सगळे कच्चे. पिकलेला एकही कसा नाही?"

"तेच तर आमच्या रक्षककृमीचं काम," उकिडवे म्हणाले. "कच्चा यकृतकृमी कोळंबीला तळाशी लपवतो, कारण ती मेली तर तोही मरतो. पिकल्यावर मात्र तिला वर, माशांच्या तोंडी ढकलतो. तो मासा अर्धाकच्चा खाल्ला, की कृमी माणसाच्या यकृतात. आम्ही घडवलेला रक्षक कधी पिकतच नाही. तो शिरला, की कोळंबी कायम लपून."

"दोघं एकाच कोळंबीत असतील तर?"

"रक्षकाचं चालतं. तो दुसऱ्याला पिकू देत नाही. टाकीत आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय."

"टाकीत दोघांना एकदमच सोडलं होतंत?"

"हो."

"इथे यकृतकृमी आधीपासून होता."

उकिडवे नमुन्यांच्या बाटल्या आवरू लागले. पिकलेले नमुने हा माणूस फेकून देत असणार, अशी इरावतींची खात्री होत चालली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः होडीतून गेल्या. तळाच्या जाळ्यात तशीच कोळंबी आली: पिकलेला कृमी नाहीच. वरच्या जाळ्यात तर कोळंबीच नव्हती. मात्र आजूबाजूला मासे सारखे पृष्ठभागावर झेपावत होते.

त्यांनी चार मासे पकडून आणले आणि उकिडव्यांच्या समोरच चिरले. पोटे कोळंबीने भरली होती. प्रत्येक कोळंबीत रक्षककृमी होता आणि त्याच्या शेजारी टरारून पिकलेला यकृतकृमी.

"रक्षक उशिरा पोचला, तर पिकणाऱ्याचंच चालतं," इरावती म्हणाल्या. "अशी कोळंबी वर येते आणि लगेच खाल्ली जाते. तुमच्या जाळ्यात फक्त तळाशी राहिलेली सापडत होती. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

उकिडवे स्टुलावर बसले. "मासे खा, असं गावाला मीच सांगितलं. लोकांना भरवसा यावा म्हणून महिनाभर मीही त्यांच्याबरोबर निखाऱ्यावरचे अर्धेकच्चे मासे खातोय."

इरावतींनी रक्त काढायची सुई उघडली. उकिडव्यांनी हात मागे घेतला.

"माझं नंतर बघू. आता गावात चुली पेटतील."

ते चपला न घालताच बाहेर पडले.