फिल्टरातल्या फुलवाती

राजूर घाटाच्या पायथ्याशी किसनरावांची मोटार पहिल्यांदा दमली, तेव्हा ती खरोखरच दमली होती. खामगावला त्यांच्या सरकी काढायच्या जिनात उभी राहून राहून तिच्या फिल्टरात कापसाची धूळ बसली होती. बापाबरोबर बुलढाण्याला आत्याकडे निघालेली पंचफुला खाली उतरली. टिनाच्या गॅरेजातल्या निवृत्तीने बॉनेट उघडलं.

“इंजिनालेबी हवा लागते,” तिला फिल्टर दाखवत तो म्हणाला. “हवा नाही भेटली तं ताकद कुठून येईन?”

“अन् माणसाले?”

“माणसाले...” तो अडखळला आणि स्वच्छ झालेली बोटं पुन्हा पुसत राहिला.

मग बुलढाण्याच्या कोर्टातल्या किसनरावांच्या दर तारखेला पंचफुलाही आत्याच्या निमित्ताने निघायची आणि गाडी नेमकी तिथेच दमू लागली. किसनराव समोरच्या हॉटेलात चहा पीत वैतागायचे आणि बॉनेटआड दोघांचं बोलणं लांबत जायचं. पहाटे देवासाठी वळलेल्या फुलवातींतल्या चार-पाच पंचफुला गुपचूप फिल्टरात दडवायची. लबाडीच ती! पण जीव जडलेल्या मुलीने दुसरं करावं तरी काय?

आज मात्र कोर्टाची तारीख नव्हती. मार्गशीर्षातलं आभाळ उगाच काळवंडलं होतं. बुलढाण्याच्या एका वकिलाच्या मुलाशी आज तिची सुपारी फुटायची होती. तिने फिल्टरात मूठभर फुलवाती कोंबल्या होत्या. चढ लागताच गाडी काळा धूर ओकत थांबली. किसनराव हॉटेलात गेले आणि मळमळण्याचं निमित्त करून, आईला मागच्या सीटवर सोडून ती उतरली.

निवृत्तीने प्लग पाहिले, पेट्रोलची नळी फुंकली. फिल्टर त्याने सर्वांत शेवटी उघडला.

“आज लय कोंबल्या तुमी...”

ती चपापली. “तुमाले मालूम होतं?”

“जिनातला कापूस असा वळलेला नसते.”

“मंग बाबाले सांगा ना! गाडीचं नाही — आपलं. आत्ताच सांगा. सांजच्याले लय उशीर होईन.”

त्याने हॉटेलाकडे पाहिलं. ओठ हलले.

“निवृत्ती, झालं का बे?” किसनरावांनी तिकडून हाक मारली.

“झालं, मालक.”

एकेक फुलवात काढून तो खिशात ठेवू लागला. तिला रडू फुटलं. “काऊन काढता?”

“मले बोलता येत नाही, पंचफुला,” तो खाली मान घालून म्हणाला. “मले फक्त दुरुस्ती येते.”

त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

मोटार घाट चढू लागली. प्रत्येक वळणावर पंचफुला ती बंद पडायची वाट पाहत होती. पण निवृत्तीने काम चोख केलं होतं.

“आज कशी पळून राह्यली पाहा!” किसनराव खुशीत म्हणाले.

शेवटचं वळण मागे पडलं आणि बुलढाण्याची घरं दिसू लागली. पंचफुलाने पदर तोंडाशी धरला.

“काय होते वं?” आईने विचारलं.

“काही नाही... हवा नाही भेटून राह्यली.”

आईने काच खाली केली.