बाहेर आलेले

कंपनीत माझं काम एवढंच, की ज्याचं कॉम्प्युटरशी पटेनासं झालंय त्याच्याकडे जायचं आणि दोघांत समेट घडवून आणायचा. अठरा वर्षं हेच करतोय. दहापैकी नऊ वेळा दोष माणसाचा असतो, पण बिचारं यंत्र उलट बोलत नाही म्हणून बोलणी तेच खातं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्यामुळे दुपारी अडीचला सेफ्टीच्या मॅडमचा फोन आला, की "अहो, माझ्या स्लाइडवर सहा टाइप केलं की पाच होतंय," तेव्हा मी आधी निवांत चहा संपवला आणि मग जिना चढलो.

मॅडमची केबिन पहिल्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या आवारातल्या तेलाच्या चार टाक्या दिसतात, एकेक तीन मजली घराएवढी. त्यांतली तीन नंबरची त्या दिवशी साफ होत होती. वर्षातून एकदा तिच्यातलं तेल काढून घेतात आणि तळाचा गाळ खरवडायला माणसं आत जातात. आत जायला गुडघ्याच्या उंचीवर एक गोल तोंड आहे, त्यातून रांगतच जावं लागतं. काम संपलं की मॅडम मोठ्या साहेबांना स्लाइड दाखवतात, साहेब मान डोलावतात, मग माणसं तोंडावर झाकण कसतात आणि तेल सोडतात. साहेबांनी चारची वेळ दिली होती.

आमच्याकडे एक रीत आहे. काम संपायच्या आधीच काम संपल्याचा अहवाल तयार असतो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, आकडे बदलायचे, झालं. माणसं टाकीत गाळ खरवडत असतात आणि इकडे 'बाहेर आलेले' या चौकोनात आकडा भरून झालेला असतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी आत गेलेल्या सहांत माझा सख्खा थोरला भाऊ होता.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होतो. दादाने शाळा सोडली आणि टाक्यांच्या कामाला लागला. मी आज पंख्याखाली खुर्चीत बसतो, कारण तो सव्वीस वर्षं टाक्यांमध्ये ओणवा झाला. घरी आम्ही तिघं, आई, दादा आणि मी. दादाला टाकीतून काढून स्टोअरमध्ये बसवायचं, असं मी आईला दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते राहून जातं.

"बघा हं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चौकोनात सहा टाइप केला. सहा उमटला. आम्ही दोघं बघत बसलो. दोन-तीन श्वास गेले असतील, आणि तिथे पाच होता. आकडा हलला नाही, लुकलुकला नाही. पापणी लवली तेवढ्यात बदलला.

"बोट चुकत असेल," मी सवयीने म्हणालो.

"मी काय पहिलीत आहे का हो?"

मी त्यांना उठवून खुर्चीत बसलो. आधी आपोआप दुरुस्त्या करणारी सोय बंद केली. सहा, आणि पाच. दुसरा कीबोर्ड लावला, तरी तेच. चौकोन पुसून नवा काढला. आकडा अक्षरात लिहिला, 'सहा'. तो जरा जास्त वेळ टिकला आणि 'पाच' झाला. मग मी माझ्या लॅपटॉपवर कोरी फाइल उघडून सगळं पहिल्यापासून टाइप केलं. माझा लॅपटॉप मी कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. त्यावरही पाच.

"व्हायरस असेल का?" मॅडमनी विचारलं.

माझी एक पद्धत आहे. बिघाड सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. टाकीचा नंबर बदलून दोन केला. सहा लिहिलं. सहा राहिलं. मिनिटभर थांबलो, तरी सहा. मला बरं वाटलं, चोर सापडल्यासारखं. नंबर पुन्हा तीन केला आणि तारीख कालची टाकली. सहा राहिलं. परवाची टाकली, मागच्या महिन्याची टाकली. सहाच.

मग आजची टाकली.

पाच.

व्हायरसला तीन नंबरच्या टाकीशी काय घेणं? आजच्या तारखेशी काय घेणं? मॅडम खिडकीतून टाकीकडे बघत होत्या. आम्ही दोघं जिना उतरलो.

टाकीच्या तोंडाशी मुकादम स्टुलावर बसला होता. शेजारी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून खिशात टाकायचा. सहा बिल्ले लटकत होते. मी ते दोनदा मोजले.

"सगळ्यांना आत्ता बाहेर बोलवा," मी म्हणालो.

"अजून अर्ध्या तासाचं काम आहे साहेब. झालं काय?"

काय झालं म्हणून सांगणार? स्लाइडवर आकडा बसत नाही म्हणून? मॅडम म्हणाल्या, "मी सांगतेय म्हणून बोलवा." मुकादमाने कुरकुरत पाना उचलला आणि टाकीच्या अंगावर तीन ठोके दिले. आवाज आत बराच वेळ फिरत राहिला.

पहिला बाहेर आला. कोपरापर्यंत काळा, घामाने निथळणारा. मग दुसरा. तिसरा आणि चौथा पाठोपाठ आले. पाचवा खोकत आला आणि बिल्ला काढून पाण्याच्या पिंपाकडे गेला.

मग कुणी आलं नाही.

"दादा!" मी त्या तोंडात वाकून ओरडलो. तेलाचा उग्र वास नाकात गेला. माझीच हाक परत आली, जरा उशिरा.

"येईल हो," मुकादम म्हणाला. "कोपऱ्यात असेल."

मी आत शिरणारच होतो, तेवढ्यात तोंडाच्या काठावर दोन हात दिसले. मग डोकं. दादा बाहेर आला आणि उभा राहिला.

मी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. मला रडूच आलं.

"काय हो, सकाळीच तर भेटलात!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दादा हसला नाही. एरवी त्याने मला दोन शिव्या घालून ढकललं असतं. मी बाजूला झालो आणि माझ्या शर्टाकडे पाहिलं. त्यावर तेलाचा एक डागही नव्हता.

दादा पिंपाकडे गेला नाही. बाकावर जाऊन बसला, हात मांडीवर ठेवून. त्याचा बिल्ला फळीवरच होता.

"विसरला वाटतं," मुकादम म्हणाला. "तुम्हीच द्या घरी."

सव्वीस वर्षांत दादा बिल्ला एकदाही विसरलेला नाही.

मॅडमनी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं आणि चारही बाजूंना उजेड टाकला. बाहेर येऊन म्हणाल्या, "कोणी नाही. रिकामी आहे." मग त्या वर केबिनमध्ये गेल्या. पावणेचारला माझा फोन वाजला.

"अजून पाचच येतंय हो. झाकण लावू नका म्हणून सांगू का? तुम्ही म्हणालात तर सांगते."

मी बाकाकडे पाहिलं. दादा माझ्याकडेच बघत होता. त्याची नजर ढळत नव्हती.

नको म्हणायला मला काय झालं होतं, ते मी अजून स्वतःला विचारतो. लोक हसतील एवढीच भीती होती की काय, कोण जाणे. पण मी म्हणालो, "नको. सहा आलेत. मी स्वतः मोजलेत."

मॅडमनी ती स्लाइड गाळून टाकली. साहेबांनी विचारलंही नाही.

झाकण कसलं गेलं. पाइपातून तेल जायला लागलं. सुरुवातीला ते रिकाम्या पत्र्यावर पडल्याचा आवाज आला, मग तो हळूहळू दबत गेला. तेवढ्यात आतून काहीतरी वाजलं. तीनदा.

"पत्रा तापलेला असतो ना," मुकादम म्हणाला. "तेल पडलं की असाच वाजतो."

मी दादाकडे वळून पाहिलं. त्याने तो आवाज ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

सात वाजता आम्ही दोघं घरी पोहोचलो. दादा हात न धुता टेबलाशी बसला. धुण्यासारखं हातांना काही नव्हतंच. आई स्वयंपाकघरातून आली. सत्तरी उलटली तरी ती सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते. तिने तीन ताटं वाढली, एक माझ्यापुढे, एक स्वतःपुढे.

तिसरं तिने झाकून ठेवलं.

"आज फार उशीर लावला," ती मला म्हणाली. "दादा कधी येतो म्हणाला रे?"

माझ्या शेजारी बसलेल्या दादाने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश मान हलवली. नाही, अशी.